श्रेयाचा हिशेब आणि परळचे उदाहरण

उच्च शिक्षणसंस्थांच्या २०२५च्या राष्ट्रीय क्रमवारीत एक नवी तरतूद करण्यात आली. प्रसिद्ध होऊन नंतर मागे घ्याव्या लागलेल्या शोधनिबंधांबद्दल संस्थांचे गुण वजा करण्याचे प्रथमच ठरले. त्याआधी, २०१८ मध्ये, विद्यापीठ अनुदान आयोगाने वाङ्मयचौर्याविरुद्धची नियमावली आणली होती. प्रबंधातील साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही, दहा ते चाळीस टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून सादर करायचे, चाळीस ते साठ टक्के असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येणार नाही आणि साठच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द, अशी ही पायऱ्यांची रचना आहे. संगणकावरची प्रणाली टक्का सांगते, टक्क्यावरून शिक्षा ठरते.

या साऱ्या उपायांचे स्वागतच करायला हवे. परंतु त्यांत एक गृहीतक दडलेले आहे. संशोधनातील अप्रामाणिकपणा म्हणजे दुसऱ्याचा मजकूर उचलणे, एवढाच अर्थ त्यांना अभिप्रेत दिसतो. प्रत्यक्षात दुसऱ्याचे एक वाक्यही न उचलता दुसऱ्याचे संपूर्ण काम आपल्या नावावर घेता येते. एखाद्याने केलेले काम त्याने केलेच नाही, असेही ठरवता येते. आणि क्वचित, फारच क्वचित, आपल्या नावावर जमा झालेले श्रेय ‘हे माझे नव्हे’ असे सांगून कोणी परतही करते. या तिन्ही गोष्टी भारतीय विज्ञानाच्या एकाच प्रकरणात घडल्या आहेत. त्यातला शेवटचा अध्याय मुंबईच्या परळशी निगडित आहे, तरीही मुंबईत त्याची आठवण फारशी काढली जात नाही.

६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात एका मुलीचा जन्म झाला. भारतातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून देशभर तिचे स्वागत झाले. महापालिकेच्या रुग्णालयात हे घडले, याचा मुंबईकरांना झालेला आनंद समजण्यासारखा होता. रुग्णालयाच्या बाजूने डॉ. इंदिरा हिंदुजा आणि शेजारच्याच, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रजनन संशोधन संस्थेच्या बाजूने तिचे संचालक डॉ. टी. सी. आनंदकुमार, अशी ही जोडी होती. एकीकडे स्त्रीरोगतज्ज्ञ, दुसरीकडे प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ. प्रत्येक टप्प्याची रीतसर नोंद झाली होती आणि काम शास्त्रीय नियतकालिकाच्या कसोटीला उतरणारे होते. पाठ्यपुस्तकांत आणि सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत ‘भारतातील पहिले’ या रकान्यात हे नाव पक्के बसले.

आता आठ वर्षे मागे जावे लागेल. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे जगातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली. त्यानंतर अवघ्या दहा आठवड्यांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात एक मुलगी जन्मली. ‘दुर्गा’ या टोपणनावाने ती ओळखली गेली. तिच्या जन्मामागे आपले संशोधन आहे, असे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी जाहीर केले. शरीरक्रियाशास्त्राचे हे अध्यापक वैद्यकीय पदवीधर होते आणि कोलकाता व एडिंबरो अशा दोन विद्यापीठांची डॉक्टरेट त्यांच्यापाशी होती. त्यांच्यासोबत आणखी दोघे होते. गोठवण्याच्या तंत्राचे जाणकार सुनीत मुखर्जी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. सरोजकांती भट्टाचार्य. तिघांनी मिळून केलेल्या कामाची त्रोटक नोंद त्याच वर्षी ‘इंडियन जर्नल ऑफ क्रायोजेनिक्स’मध्ये तिघांच्याही नावांनी प्रसिद्ध झाली.

या कामाचे वेगळेपण लक्षात घेतल्याशिवाय पुढचा अन्याय नीट कळत नाही. इंग्लंडमधील चमूने नैसर्गिक मासिक चक्रात तयार होणारे एकच स्त्रीबीज मिळवले होते आणि त्यासाठी पोटातून दुर्बिणीची शस्त्रक्रिया केली होती. मुखोपाध्याय यांनी संप्रेरके देऊन एकाहून अधिक स्त्रीबीजे तयार करवली, ती योनिमार्गातून मिळवली, फलन झालेले भ्रूण ५३ दिवस गोठवून ठेवले आणि पुढच्या एका नैसर्गिक चक्रात ते गर्भाशयात सोडले. संप्रेरकांच्या साह्याने केलेल्या उपचारातून अमेरिकेत पहिले मूल जन्मले ते १९८१ अखेरीस. गोठवलेल्या भ्रूणापासून गर्भधारणा झाल्याचे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी प्रसिद्ध केले ते १९८३ मध्ये. आज पुण्या-मुंबईतल्या कोणत्याही वंध्यत्व उपचार केंद्रात संप्रेरकांची इंजेक्शने, योनिमार्गातून बीज काढणे आणि भ्रूण गोठवून पुढच्या महिन्यात सोडणे हा नेहमीचा क्रम झाला आहे. तो ओल्डहॅमच्या पद्धतीपेक्षा कोलकात्याच्या पद्धतीला अधिक जवळचा आहे.

पश्चिम बंगाल सरकारने नोव्हेंबर १९७८ मध्ये या दाव्याच्या चौकशीसाठी समिती नेमली. समितीच्या अध्यक्षस्थानी रेडिओ-भौतिकीचे प्राध्यापक होते. स्त्रीबीज आणि भ्रूण यांवर प्रत्यक्ष काम केलेला एकही संशोधक तीत नव्हता. (तसा संशोधक तेव्हा देशात शोधूनही सापडणे कठीण होते, हे समितीच्या बाजूने म्हणता येईल. पण मग परदेशातून मत मागवण्यास कोणाची आडकाठी होती?) समितीने दावा खोटा ठरवला. १९७९ साली जपानमध्ये आपले काम मांडण्याचे निमंत्रण मुखोपाध्याय यांना आले, तेव्हा सरकारने त्यांना जाण्याची परवानगी नाकारली. जून १९८१ मध्ये संप्रेरकशास्त्राच्या या अभ्यासकाची बदली नेत्ररोग संस्थेत करण्यात आली. त्याच महिन्यात, १९ जून १९८१ रोजी, त्यांनी आत्महत्या केली. वय पन्नास वर्षे.

रमापद चौधुरी यांची बंगाली कादंबरी आणि तिच्यावरून तपन सिन्हा यांनी काढलेला ‘एक डॉक्टर की मौत’ हा हिंदी चित्रपट यांमुळे ही शोकांतिका अनेकांना ठाऊक आहे. बहुतेकांची माहिती तिथेच थांबते. पुढे घडलेली गोष्ट कमी नाट्यमय आहे, म्हणूनच कदाचित तिच्यावर चित्रपट निघाला नाही.

फेब्रुवारी १९९७ मध्ये वंध्यत्व उपचारांवरील राष्ट्रीय परिषदेसाठी आनंदकुमार कोलकात्याला गेले. तेथे मुखोपाध्याय यांची हस्तलिखित टिपणे आणि कागदपत्रे त्यांच्या हाती देण्यात आली. आनंदकुमारांनी ती वाचली, पद्धतीचा एकेक टप्पा तपासला, ‘दुर्गा’च्या पालकांशीही बोलणे केले. दोनच महिन्यांनी, १० एप्रिल १९९७च्या ‘करंट सायन्स’मध्ये त्यांचा लेख आला. भारतातील पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचे शिल्पकार डॉ. सुभाष मुखोपाध्याय आहेत, असे त्यांनी लेखाच्या शीर्षकातच म्हटले. अकरा वर्षे जे बिरुद स्वतःच्या नावासोबत जोडले गेले होते, ते त्यांनी एका दिवंगत व्यक्तीच्या नावे करून टाकले.

याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. आनंदकुमारांवर कोणाचाही दबाव नव्हता. न्यायालयात दावा नव्हता, चौकशी नव्हती, वृत्तपत्रांची मोहीम नव्हती. त्यांनी कोणाचे काम उचलले नव्हते, १९८६चे काम त्यांचे आणि केईएमच्या सहकाऱ्यांचे अस्सल काम होते. मुखोपाध्याय यांच्या कागदपत्रांवर ‘पुरावा अपुरा’ असा शेरा मारून ते गप्प राहिले असते, तरी त्यांना कोणी दोष दिला नसता. श्रेय ज्याच्या पदरात पडलेले आहे, त्यानेच ते खरे कोणाचे हे तपासायला बसावे, अशी अपेक्षा आपण सहसा कोणाकडून करत नाही. शिवाय या क्षेत्रात ‘पहिला’ या शब्दाला मानाइतकीच बाजारातही किंमत असते. वंध्यत्व उपचार केंद्रांच्या जाहिराती ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

मात्र प्रामाणिकपणाचा आग्रह धरायचा तर दुसरी बाजूही मांडावी लागते. मुखोपाध्याय यांच्या कामाचा सविस्तर, तज्ज्ञांनी तपासलेला शोधनिबंध कधीच प्रसिद्ध झाला नाही. आरोग्य सेवा संचालकांना दिलेला अहवाल, परिषदांतील मांडणी आणि ती त्रोटक नोंद एवढाच ऐवज होता. समाजाच्या भीतीपोटी ‘दुर्गा’च्या पालकांना प्रसिद्धी नको होती. त्यामुळे स्वतंत्र पडताळणीची वाटही अरुंद झाली. ती स्वतः लोकांसमोर आली २००३ साली, पंचविसाव्या वाढदिवशी. त्यामुळे आजही काही जण हा दावा पूर्णपणे मान्य करत नाहीत आणि त्यांना सरसकट मत्सरी म्हणणे योग्य नव्हे. केवळ सांगण्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा विज्ञानाचा नियम आहे आणि तो दुःखी माणसालाही लागू असतो.

आक्षेप घ्यायचा तो दुसऱ्या गोष्टीला. पुरावा अपुरा आहे, असे म्हणणे आणि माणूस खोटारडा आहे, असे म्हणणे यांत मोठे अंतर आहे. समितीने ते अंतर ठेवले नाही आणि ज्या परिषदेत हा पुरावा जाणकारांपुढे तपासला गेला असता, तिथे जाण्याची वाट सरकारने बंद केली. पुरावा गोळा होऊ द्यायचा नाही आणि मग पुरावा नाही म्हणून शिक्षा करायची, असा हा प्रकार होता.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २००५ मध्ये प्रजनन साहाय्य केंद्रांसाठी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, तेव्हा यावर एक समंजस तोडगा काढलेला दिसला. जगातील दुसरी टेस्ट ट्यूब बेबी १९७८ मध्ये कोलकात्यात तिघा भारतीयांच्या प्रयत्नांतून जन्मली, असे त्या दस्तऐवजाने नमूद केले आणि तिघांचीही नावे दिली. ‘शास्त्रीय पद्धतीने नोंद झालेली’ भारतातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी मुंबईत १९८६ मध्ये जन्मली, हेही नमूद केले. दोन वेगळ्या कामांना दोन वेगळी वाक्ये मिळाली. परळचे काम यामुळे तसूभरही लहान होत नाही. कोलकात्यातील काम त्याच्या शोधकर्त्याबरोबरच थांबले होते आणि मुंबईतील चमूला सारे नव्याने उभे करावे लागले होते.

त्या दस्तऐवजात तिघांची नावे आली, ही बाब छोटी नाही. लोकांच्या स्मरणात आणि पडद्यावर मात्र एकच डॉक्टर उरला आहे. हिरावलेले श्रेय परत करतानाही आपण ते एकाच व्यक्तीच्या हाती देतो आणि भ्रूण गोठवणारे हात विसरतो.

ही सवय आपल्यापुरती मर्यादित नाही. ओल्डहॅमच्या यशाची दोन नावे जगाला ठाऊक होती, रॉबर्ट एडवर्ड्स आणि पॅट्रिक स्टेप्टो. तिसरे नाव जीन पर्डी यांचे. परिचारिकेचे शिक्षण घेतलेल्या पर्डी १९६८ मध्ये एडवर्ड्स यांच्या प्रयोगशाळेत आल्या आणि प्रयोगशाळेतले बहुतांश काम त्यांनी सांभाळले. भ्रूणावर देखरेख ठेवणे, नोंदी राखणे, ओल्डहॅमला वर्षानुवर्षे खेपा घालणे हे सारे त्यांच्याकडे होते. त्या यशाची स्मृतिशिला बसवताना स्थानिक आरोग्य प्रशासनाने त्यांचे नाव वगळले. एडवर्ड्स यांनी १९८१च्या सुमारास पत्रे लिहून याला विरोध केला. पर्डी यांचा वाटा आपल्याइतकाच आहे, असे त्यांनी कळवले. प्रशासनाने ते ऐकले नाही. ही पत्रे केंब्रिजच्या अभिलेखागारातून उजेडात आली ती २०१९ मध्ये. पर्डी १९८५ मध्ये, वयाच्या ३९व्या वर्षी निवर्तल्या होत्या. स्टेप्टो १९८८ मध्ये गेले. २०१०चे नोबेल पारितोषिक एकट्या एडवर्ड्स यांना मिळाले, कारण मृत व्यक्तीला ते दिले जात नाही. आनंदकुमारांचे निधनही २०१० मधलेच.

एडवर्ड्स काय किंवा आनंदकुमार काय, दोघांनीही श्रेयाचे वाटप स्वतःहून दुरुस्त करण्याचा प्रयत्न केला. व्यवस्थेने तशी सोय केलेली नव्हती. आज तरी ती आहे काय, हा प्रश्न आपल्या विद्यापीठांपुरता विचारून पाहण्यासारखा आहे.

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांचा एक गट १९७८ मध्येच कॅनडातील व्हँकुव्हर येथे जमला आणि त्यातून पुढे लेखकत्वाचे निकष तयार झाले. आराखडा, सामग्री जमवणे किंवा तिचे विश्लेषण यांत भरीव वाटा हवा. मसुदा लिहिण्यात किंवा गंभीरपणे तपासण्यात सहभाग हवा. अंतिम मसुद्याला संमती हवी. आणि संपूर्ण कामाची जबाबदारी स्वीकारण्याची तयारी हवी. चारही अटी पुऱ्या करणाराच लेखक. विभागाचे प्रमुख असणे, निधी मिळवून देणे किंवा यंत्र वापरू देणे एवढ्यावर लेखकत्व मिळत नाही, त्यांचे आभार मानायचे असतात. कागदावर हे निकष आपल्याकडेही सर्वांना मान्य आहेत. विज्ञान शाखेतील कोणत्याही संशोधक विद्यार्थ्याला विश्वासात घेऊन विचारावे, म्हणजे प्रयोगशाळेत ते कितपत पाळले जातात हे कळेल.

याला केवळ माणसांचा स्वभाव कारण नाही. अनुदान आयोगाच्या २०१८च्या अध्यापक-नियुक्तीविषयक नियमावलीतील गुणांचा तक्ता पाहा. लेखक दोन असतील तर शोधनिबंधाच्या मूल्याचे ७० टक्के गुण प्रत्येकाला. दोनाहून अधिक असतील तर पहिल्या वा मुख्य लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्या प्रत्येकाला ३० टक्के. दहा गुणांचा निबंध एकट्याने लिहिला तर दहा गुण होतात. तोच पाच जणांच्या नावावर दाखवला तर सात अधिक चार वेळा तीन, म्हणजे एकूण १९ गुण वाटले जातात. निबंध एकच, काम तेवढेच, गुण मात्र जवळजवळ दुप्पट. सहकाऱ्याचे नाव घालायचे आणि पुढच्या वेळी त्याने आपले घालायचे, हा व्यवहार दोघांनाही परवडतो. सहलेखनाला उत्तेजन देण्याचा हेतू चांगला असेलही, परंतु नावांच्या देवाणघेवाणीला याहून सोयीचा तक्ता बनवणे अवघड होते.

साम्य शोधणाऱ्या प्रणालीला यातले काहीच दिसत नाही. ज्याने प्रयोग केला नाही त्याचे नाव वर असले, ज्याने रात्री जागून प्रयोग केला त्याचे नाव शेवटी असले किंवा अजिबात नसले, तरी साम्याचा टक्का शून्यच येतो. प्रबंधाच्या सुरुवातीला विद्यार्थ्याचे प्रतिज्ञापत्र असते, मार्गदर्शकाचे प्रमाणपत्र असते, अलीकडे साम्याचा अहवालही जोडला जातो. त्या प्रबंधातून निघालेल्या शोधनिबंधांत कोणी काय केले, हे सांगणारे पान मात्र त्यात नसते. अनेक आंतरराष्ट्रीय नियतकालिके आता प्रत्येक लेखकाचा वाटा वेगळा लिहून मागतात. संकल्पना कोणाची, प्रयोग कोणी केले, मसुदा कोणी लिहिला, देखरेख कोणाची, अशी ही यादी असते. यंत्राने मजकूर लिहून देण्याचे दिवस आल्यापासून तर तिची निकड वाढली आहे. यंत्राला लेखक म्हणून दाखवता येणार नाही, असे याच संपादकांनी २०२३ मध्ये स्पष्ट केले. मग लिहिले कोणी, याचे उत्तर माणसालाच द्यावे लागणार. अशी यादी प्रबंधासोबत अनिवार्य करण्यास विद्यापीठांना खर्च काहीच नाही.

ती यादी खोटीही लिहिता येईल, हा आक्षेप खरा आहे. पण आज खोटे बोलावेच लागत नाही, कारण कोणी विचारतच नाही. लेखी विचारल्यावर निदान सही करणाऱ्याची जबाबदारी नोंदली जाते आणि वाद झाल्यास तपासायला कागद उरतो. मुखोपाध्याय यांच्या बाबतीत जो काही न्याय झाला, तो त्यांच्या पश्चात सोळा वर्षे टिकून राहिलेल्या कागदांमुळेच.

तक्रार करायची झाली तर कोणाकडे, हा भाग त्याहून बिकट आहे. वाङ्मयचौर्यविषयक २०१८च्या नियमावलीने प्रत्येक विभागात सचोटी मंडळाची तरतूद केली आणि त्याच्या अध्यक्षपदी विभागप्रमुखांना बसवले. दोन सदस्यांपैकी एक विभागाबाहेरचा ज्येष्ठ अध्यापक, दुसरा साम्य तपासणाऱ्या साधनांचा जाणकार. लेखकत्वाविषयीची तक्रार या मंडळापुढे नेण्याचे एखाद्या विद्यार्थिनीने धाडस केलेच, तर तिला आधी मार्गदर्शकाविरुद्ध लिहावे लागेल आणि ते पत्र विभागप्रमुखांच्या टेबलावर जाईल. लहान विभागांत या दोन खुर्च्यांवर एकच व्यक्ती असू शकते. अशा वेळी अध्यक्षांनी बाजूला होऊन विभागाबाहेरच्या सदस्याकडे सूत्रे द्यावीत आणि निकाल लागेपर्यंत विद्यार्थिनीला दुसरा मार्गदर्शक मिळावा, एवढी दुरुस्ती विद्यापीठांना आपल्या पातळीवर करता येण्यासारखी आहे. नव्या शैक्षणिक वर्षाच्या नोंदणीपूर्वी ती करायची की नाही, हे विद्या परिषदांनी ठरवायचे आहे.